तिशीत पुन्हा कॉलेज, तेही सिनेमा शिकायला? नगरचं उदाहरण काय सांगतं

कमावण्याचं वय झालंय, हाताशी एखादी पदवी आहे किंवा शिक्षण अर्धवट सुटलंय आणि आता सिनेमा, नाटक नाहीतर चित्रकला रीतसर शिकायची आहे. असं कुणी घरात म्हटलं की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, ‘हे वय आहे का शिकायचं?’ आणि दुसरं, ‘त्यासाठी मुंबईलाच जावं लागेल.’ या दोन्ही उत्तरांना खोडून काढणारं उदाहरण अहिल्यानगरमध्ये, म्हणजे २०२४ मध्ये नाव बदललेल्या अहमदनगरमध्ये घडलं.

नागराज मंजुळे हे नाव ‘फँड्री’ आणि ‘सैराट’मुळे सगळ्यांना माहीत आहे. पण ते नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात शिकायला आले तेव्हा कोवळे विद्यार्थी नव्हते. जन्म १९७७ चा, गाव सोलापूर जिल्ह्यातलं जेऊर. करमाळा तालुक्यातलं हे गाव नगर जिल्ह्याच्या हद्दीपासून फार लांब नाही. दहावीत नापास होणं, पहारेकऱ्याचं काम, मग पुणे विद्यापीठातून मराठीत एम. ए. आणि एम. फिल. एवढं झाल्यावर, तिशीच्या आसपास, त्यांनी पुन्हा वर्गात बसून कम्युनिकेशन स्टडीजचा पदव्युत्तर अभ्यासक्रम केला.

त्याच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ‘पिस्तुल्या’ हा लघुपट झाला. शाळेत जायची ओढ असलेल्या, पण परिस्थितीनं चोरीकडे ढकलल्या गेलेल्या पोराची ही गोष्ट. २०१० सालच्या, म्हणजे ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत लघुपट-माहितीपटांच्या विभागात पदार्पणातल्या दिग्दर्शकाचा पुरस्कार मंजुळेंना मिळाला. त्यात काम केलेल्या सूरज पवारचीही या पुरस्कारांत दखल घेतली गेली.

इथे ‘प्रतिभा होती म्हणून झालं’ असं म्हणून मोकळं होता येतं, आणि प्रतिभा होतीच. पण कवितेला वही पुरते, सिनेमाला पुरत नाही. त्याला कॅमेरा लागतो, एडिटिंगची सोय लागते, सोबत राबणारी चार माणसं लागतात आणि अमुक तारखेला काम दाखवायचंच अशी सक्ती लागते. प्रौढ माणसाला यातलं काहीच एकट्यानं जमवता येत नाही. सक्ती तर मुळीच नाही. जिल्ह्याच्या गावातल्या साध्या अनुदानित कॉलेजातला एक विभाग हे सगळं एका जागी देऊ शकला, तेही कुणाला वय न विचारता.

वय विचारणाऱ्या संस्था आहेतच. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला साधारण तिशीची कमाल मर्यादा असते, अनुसूचित जाती-जमातींना त्यात सवलत मिळते. चित्रकलेच्या पदवीला वयापेक्षा वेगळीच अडचण येते. बारावी, मग सीईटी, मग चार वर्षं पूर्णवेळ. कागदोपत्री कुणाला मनाई नसली तरी ही रचना अठरा वर्षांच्या, घरून पैसे येणाऱ्या मुलासाठी केलेली आहे.

अर्धवट शिक्षणवाल्यांसाठी मात्र वाटा पूर्वीपेक्षा रुंद झाल्यात. दहावी-बारावीसाठी १७ नंबरचा फॉर्म आहेच. पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीनं एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली. त्यामुळे मुक्त विद्यापीठातून बी. ए. पूर्ण करत असतानाच दुसरीकडे कलेचा अभ्यासक्रमही करता येतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये मिळवलेले क्रेडिट्स जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. म्हणजे मध्येच शिक्षण सोडावं लागलं तर परत येताना पाटी कोरी नसते.

पैशांचं काय? इथे सरकारी विचार अजून सरळ रेषेतच चालतो. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एक जुना नियम आहे. एका टप्प्याचं शिक्षण पूर्ण झालं आणि त्याच टप्प्यावर दुसरा विषय घेतला, जसं की एका विषयात एम. ए. झाल्यावर दुसऱ्या विषयात एम. ए., तर शिष्यवृत्ती मिळत नाही. पूर्णवेळ नोकरी असेल तरीही नाही. एकाच माणसानं सरकारी पैशावर पदव्या गोळा करत बसू नये हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण एका पदवीवर पोट भरत नाही म्हणून, किंवा आपलं काम कोणतं हे उशिरा कळलं म्हणून परत येणारा माणूस या नियमात बसतच नाही. त्याच्याकडे नोकरी असेल तर मदत नाही, आणि नोकरी सोडली तर घरात पैसे नाहीत.

शिक्षण संपल्यावरचा खर्च तर वेगळाच. ‘ख्वाडा’चे दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे हेही नगरलाच मास कम्युनिकेशन शिकलेले. मेंढपाळ कुटुंबाच्या भटकंतीवरच्या या सिनेमाला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. तो सिनेमा पुरा करायला त्यांना शेतजमीन विकावी लागली. कॉलेजनं कॅमेरा कसा धरायचा हे शिकवलं, पण भांडवल जमिनीतून आलं. विकायला जमीनच नसेल त्यानं काय करायचं, याला आज तरी कुठल्या अभ्यासक्रमात उत्तर नाही.

आणि अंतर. नगरहून पुणे सुमारे १२० किलोमीटर. पण क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा असलेल्या या १४ तालुक्यांच्या जिल्ह्यात अकोल्याच्या माणसाला नगर गाठायलाच शंभरहून जास्त किलोमीटर पडतात. लेकराला आणि सासू-सासऱ्यांना सांभाळणाऱ्या बाईला हे रोजचं येणं-जाणं शक्यच नाही, आणि तिच्यासाठी संध्याकाळचे किंवा शनिवार-रविवारचे वर्ग संगमनेर-अकोल्याकडे निघणं हे यूजीसीच्या कुठल्याही परिपत्रकापेक्षा जास्त कामाचं ठरेल. पुण्याची एफटीआयआय २०१७ पासून वेगवेगळ्या शहरांत काही दिवसांचे किंवा आठवड्यांचे छोटे अभ्यासक्रम घेते. ते तालुक्याच्या कॉलेजात आणायचे तर नवी इमारत लागत नाही. सुट्टीत रिकामे पडलेले वर्ग प्रत्येक तालुक्यात आहेत.