अश्रुत संगीताचा शोध

कीर्ति ही गुणांच्या मागोमाग चालणारी सावली आहे, असा आपणां सर्वांचा समज असतो. ज्याचें नांव मोठें तो थोर, आणि ज्याचें नांव कधीं कानांवर आलें नाहीं तो सामान्य, हा निवाडा आपण किती सहज करून टाकतों! परंतु सावली पडण्यास प्रकाश लागतो, आणि प्रकाश कोणावर पडावा हें गुणांच्या हातीं नसतें. संगीताच्या प्रांतांत तर याचा प्रत्यय पदोपदीं येतो. स्वीडन देशांतील कांहीं अल्पपरिचित रचनाकार व त्यांच्या दुर्मिळ ध्वनिमुद्रिका यांच्या निमित्तानें हाच विचार आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

स्वीडनचें नांव आमच्या विद्यार्थ्यांस नोबेल पारितोषिकामुळें परिचित आहे. पाश्चात्य संगीताची ज्यांस थोडीबहुत गोडी लागली आहे, त्यांस मोझार्ट व बेथोव्हन तर ठाऊक असतातच. नॉर्वेचा ग्रीग व फिनलंडचा सिबेलियस हेही त्यांस अपरिचित नसतात. पण नॉर्वे व फिनलंड यांच्या मध्यें वसलेल्या स्वीडनांतील एखाद्या रचनाकाराचें नांव विचारलें असतां बहुधा उत्तर मिळत नाहीं. एवढ्यावरून त्या देशांत थोर संगीत निर्माणच झालें नाहीं, असें समजावें काय?

फ्रान्झ बेरवाल्द याची हकीकत पाहा. हा १७९६ सालीं स्टॉकहोम येथें जन्मला. संगीतावर पोट भरेना, म्हणून १८३५ सालीं त्यानें बर्लिन येथें हाडांचीं व्यंगें सुधारण्याची संस्था काढली. पुढें उत्तर स्वीडनांतील एका कांचकारखान्याची व्यवस्थाही पाहिली. १८४२ ते १८४५ या काळांत त्यानें चार सिंफन्या, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीं अनेक भागांच्या दीर्घ रचना, लिहिल्या. त्यांपैकीं एकच त्याच्या हयातींत वाजविली गेली. १८६८ सालीं तो वारला. १८४५ सालीं पुरी झालेली त्याची 'सिंफनी सेंग्युलिएर' लोकांनीं प्रथम ऐकिली ती १९०५ सालीं! साठ वर्षें ती रचना म्हणजे केवळ कागदांची चळत होती. पुढें १९५५ सालीं इगोर मार्केविच या संचालकानें बर्लिनच्या फिल्हार्मोनिक वाद्यवृंदाकडून ती ध्वनिमुद्रित करविली. त्या साठ वर्षांत रचनेंतील एकही स्वर बदलला नव्हता. उणीव होती ती ऐकणाऱ्यांची.

येथें संगीताची इतर कलांहून असलेली एक निराळी अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. कविता विस्मृतींत गेली तरी पुस्तक उघडणाऱ्या पहिल्या वाचकाबरोबर ती पुन्हां जिवंत होते. वाद्यवृंदाची रचना मात्र कागदावर मुकी असते. तिला बोलती करण्यास पन्नास-साठ वादक, एक संचालक, पुष्कळ सराव व खर्च सोसणारा कोणी तरी लागतो. प्रसिद्ध रचनेसाठीं हें सारें जुळून येतें, कारण लोक तिकिटें काढून येतात. अप्रसिद्ध रचनेसाठीं लोक येत नाहींत, म्हणून ती वाजविली जात नाहीं. आणि वाजविली जात नाहीं, म्हणून ती अप्रसिद्धच राहते. हें चक्र भेदण्याचें सामर्थ्य ध्वनिमुद्रिकेंत आहे. एकदां वाजविलेलें संगीत ती हजारों घरीं व अनेक पिढ्यांपर्यंत पोहोंचविते. म्हणून ध्वनिमुद्रिका ही नुसती करमणुकीची वस्तु नसून न्यायाचें साधन आहे, असें आमचें मत आहे.

आमच्या विद्यार्थिनींनीं एल्फ्रिदा आंद्रे हें नांव अवश्य लक्षांत ठेवावें. १८४१ सालीं गॉटलंड बेटावरील व्हिस्बी या गांवीं तिचा जन्म झाला. त्या काळीं स्वीडनांतील चर्चमध्यें ऑर्गनवादकाची जागा स्त्रीस मिळत नसे. तिनें व तिच्या वडिलांनीं त्याविरुद्ध खटपट केली, आणि १८६१ सालीं कायदा बदलला. १८६७ सालीं ती गोथेनबर्गच्या कॅथीड्रलची ऑर्गनवादक झाली, आणि १९२९ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे बासष्ट वर्षें, तिनें तें काम केलें. दर आठवड्यास तिचें वादन ऐकणारे लोक होते. पण तिनें लिहिलेल्या ऑर्गन-सिंफनीची व पियानो-पंचकाची ओळख दूरदेशींच्या श्रोत्यांस झाली ती फार उशिरां, ध्वनिमुद्रिकांच्या द्वारें.

कधीं कधीं तर रचना नुसती विसरली जात नाहीं, ती हरवतेच. विल्हेल्म स्टेनहामार यानें आपला पहिला पियानो कॉन्चेर्टो १८९४ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, स्टॉकहोम येथें स्वतः पियानोवर बसून सादर केला. त्याची मूळ प्रत ब्रेस्लाउ शहरांतील प्रकाशकाकडे होती. दुसऱ्या महायुद्धांत ती नष्ट झाली. कुर्त आटरबेर्ग या दुसऱ्या स्वीडिश रचनाकारानें वाद्यवृंदाचा भाग नव्यानें लिहून ती रचना कशीबशी वांचविली. पुढें १९८३ सालीं मूळ रूपाची एक प्रत वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत सांपडली! त्यानंतर त्या मूळ रूपाचेंही ध्वनिमुद्रण झालें. ग्रंथालयांतील एखादें जुनें बाड कोणी तरी चिकाटीनें उघडून पाहिलें नसतें, तर हें घडलें नसतें.

या आटरबेर्गची कथाही बोधप्रद आहे. हा गृहस्थ शिक्षणानें इंजिनियर. १९६८ सालापर्यंत त्यानें स्टॉकहोमच्या पेटंट कचेरींत नोकरी केली, आणि उरलेल्या वेळांत नऊ सिंफन्या लिहिल्या. १९२८ सालीं शूबर्टच्या मृत्यूस शंभर वर्षें झाल्यानिमित्त कोलंबिया ग्रामोफोन कंपनीनें लाविलेल्या स्पर्धेंत त्याच्या सहाव्या सिंफनीस दहा हजार डॉलरचें बक्षीस मिळालें. सर टॉमस बीचम यांनीं ती लागलीच तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केली. त्या काळच्या तबकड्यांस लागणारी लाख बहुतांशीं हिंदुस्थानांतूनच जात असे. तेव्हां त्या सुरांस आपल्या रानांतील झाडांचाही थोडा हातभार लागला असेल! पण एवढा गाजावाजा होऊनही कांहीं वर्षांत स्वीडनबाहेर आटरबेर्ग जवळजवळ विसरला गेला. पुढें एका जर्मन कंपनीनें त्याच्या नऊही सिंफन्या ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हां त्या पुन्हां जगाच्या कानीं पडल्या. सारांश, बक्षीस हेंही कीर्तीचें कायमचें तारण नव्हे.

यावर कोणी म्हणेल, "आयुष्य थोडें, बेथोव्हन ऐकूनच पुरा होत नाहीं, तेथें या अप्रसिद्धांच्या मागें कां लागावें?" आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. विस्मृतींत गेलेली प्रत्येक रचना रत्न असते, असा आमचा दावा नाहीं. तसेंच, जी तबकडी कोणापाशीं नाहीं ती आपल्यापाशीं आहे, एवढ्याच अभिमानानें संग्रह करणारे लोकही असतात. दुर्मिळपणा हा कांहीं गुण नव्हे, आणि न ऐकतां कपाटांत ठेविलेली तबकडी कागदावरील रचनेइतकीच मुकी असते. परंतु रत्न कोणतें व गारगोटी कोणती हें ऐकल्यावांचून ठरावें कसें? बेरवाल्दच्या समकालीनांनीं न ऐकतांच निर्णय दिला, आणि तो चुकला. थोरांचा आदर करावा, पण त्यांच्या नांवाखालीं इतरांस दार बंद करूं नये.

हें दार उघडण्याचें काम स्वीडनांत पुष्कळांनीं केलें आहे. १७७१ सालीं राजा तिसरा गुस्ताव यानें स्थापिलेल्या शाही संगीत अकादमीनें आपल्या देशाच्या संगीताची ध्वनिमुद्रणमाला काढली. १९७३ सालीं निघालेल्या 'बिस' या कंपनीनेंही पुष्कळ अपरिचित रचना जगापुढें आणिल्या. आज असें बरेंचसें संगीत घरबसल्या ऐकतां येतें. साधनें मिळालीं, आतां कान मिळाले पाहिजेत.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, महिन्यांतून एक तरी अपरिचित रचना ऐका. पहिल्या ऐकण्यांत ती आवडली नाहीं तर दुसऱ्यांदा ऐका, आणि मग आपलें मत आपल्याच शब्दांत वहींत लिहा. दुसऱ्यानें दिलेलें मत उसनें घेऊं नका. पालकांसही आमची विनंती आहे. घरच्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील तर त्या मोडींत देण्यापूर्वीं त्यांवर कोणाचा आवाज आहे हें एकदां पाहावें. कदाचित् तो आवाज दुसरीकडे कोठेंच उरलेला नसेल. आणि वर्गाच्या बक्षिसांच्या यादींत आपल्या मुलाचें नांव नाहीं म्हणून त्याच्या अंगीं कांहीं नाहीं, असा निवाडा घाईनें करूं नये. आधीं त्याचें म्हणणें नीट ऐकून घ्यावें.