खोडलेले नाव वाचता आले पाहिजे

काराव्हाज्जोचे ‘द टेकिंग ऑफ ख्राइस्ट’ हे तैलचित्र डब्लिनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडमध्ये आहे. जुदास येशूला मिठी मारतो आहे, मधोमध काळ्या चिलखतातला हात चकाकतो आहे आणि उजव्या कडेला कंदील उंच धरून पाहणारा माणूस हा खुद्द चित्रकार असावा असे मानतात. चित्राच्या थोरवीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. हे मासिक वाचणारे बहुतेक जण नोंदवह्या सांभाळणारे, कॅनव्हास दुरुस्त करणारे किंवा लिलावाआधी कागद जुळवणारे आहेत. त्यांच्यासाठी या चित्राच्या मालकीचा इतिहास चित्राइतकाच मोलाचा आहे.

रोममधल्या चिरियाको मात्तेई या धनिकाने हे चित्र करवून घेतले. त्याच्या हिशेबाच्या वहीत 2 जानेवारी 1603 या तारखेला काराव्हाज्जोला 125 स्कूदी दिल्याची नोंद आहे. बागेत पकडलेल्या ख्रिस्ताचे चित्र, चौकटीसह, एवढाच तपशील. कलेविषयी त्यात अवाक्षर नाही, पण चौकटीचा उल्लेख आहे, कारण पैसे देणाऱ्याला चौकटीचाही हिशेब लावायचा होता. ‘एमाउसचे भोजन’ या चित्रासाठी दिलेले 150 स्कूदी आणि योहान बाप्तिस्त्याच्या चित्राचे 85 स्कूदीही मात्तेई घराण्याच्या हिशेबात सापडतात. पहिले आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि दुसरे रोममध्ये कॅपिटोलाइन संग्रहालयात. कलेचा इतिहास अनेकदा असाच कारकुनाच्या हाताने लिहिला जातो आणि त्या हाताचे श्रेय आपण फार क्वचित देतो.

1672 साली चरित्रकार बेल्लोरीने लिहिलेल्या काराव्हाज्जोच्या चरित्रातही हे चित्र मात्तेईंकडचे आणि त्याचेच म्हणून येते. पुढे शतकभरात घराण्याची रया गेली. 1793च्या यादीत त्याच चित्रापुढे डच चित्रकार होन्थोर्स्टचे नाव आले. ही चूक अगदीच अनाकलनीय नाही. होन्थोर्स्ट रोममध्ये राहून गेला होता, दिव्याच्या उजेडातल्या दृश्यांसाठी प्रसिद्ध होता आणि इटलीत त्याला रात्रींचा गेरार्दो म्हणूनच ओळखत. कंदील, काळोख आणि उजळलेले चेहरे पाहून यादी करणाऱ्याला तोच आठवला असणार.

1802 मध्ये विल्यम हॅमिल्टन निस्बेट या स्कॉटिश जमीनदाराने मात्तेईंकडून सहा चित्रे विकत घेतली. पार्थेनॉनची शिल्पे इंग्लंडला नेणारा लॉर्ड एल्गिन हा त्याचा जावई. सहांतले हे चित्र होन्थोर्स्टच्या नावावर स्कॉटलंडला गेले आणि त्याच खरेदीतले सेरोदिनेचे एक चित्र रुबेन्सच्या नावावर. शंभरहून अधिक वर्षे हे चित्र निस्बेट घराण्याच्या बील येथील वाड्यात टांगलेले होते. शेवटच्या वारसदार बाईंचे 1920 मध्ये निधन झाले. एडिनबर्गच्या राष्ट्रीय कलादालनाने त्या संग्रहातली काही चित्रे ठेवून घेतली, हे घेतले नाही. 1921 च्या लिलावात ते अवघ्या 8 गिनींना गेले.

त्यानंतर ते डॉ. मेरी ली-विल्सन या आयरिश बालरोगतज्ज्ञ बाईंकडे आले. त्यांचे पती पोलीस अधिकारी होते. आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात 1920 साली गोरी या गावात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. वैधव्यानंतर त्या वैद्यकी शिकल्या. दुःखाच्या काळात आधार दिलेल्या एका जेझुइट धर्मगुरूंच्या ऋणाची आठवण म्हणून त्यांनी 1930 च्या दशकात चित्र जेझुइटांना भेट दिले आणि ते लीसन स्ट्रीटवरच्या त्यांच्या निवासातल्या भोजनगृहात लागले. 1990 मध्ये स्वच्छतेसाठी पाहायला बोलावलेले नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडचे संवर्धक सेर्जो बेनेदेत्ती यांना ते पाहताच शंका आली. क्ष-किरणांत जुदासचा कान आधी वेगळ्या जागी रंगवलेला दिसला. नक्कल करणाऱ्याला कान हलवायची गरज पडत नाही.

पण डोळा आणि क्ष-किरण यांनी चित्र ओळखता येते, त्याचा प्रवास सिद्ध होत नाही. त्यासाठी कागद लागतो. तो रेकानाती गावात मात्तेईंच्या वारसांकडे तळघरातल्या दप्तरात पडून होता. फ्रांचेस्का काप्पेल्लेत्ती आणि लाउरा तेस्ता या दोन तरुण अभ्यासक मुलींनी 1989 मध्ये ती बाडे चाळली आणि चिरियाकोची वही हाती आली. तिथून पुढे वारसांच्या याद्या, 1793 ची यादी, 1802 चा व्यवहार, बीलमधला संग्रह, 1921 चा लिलाव असा माग लावता येतो. या मागातल्या जवळपास सव्वाशे वर्षांच्या पट्ट्यात काराव्हाज्जोचे नाव कुठेच नाही. रोमच्या यादीतला होन्थोर्स्ट आणि स्कॉटलंडच्या संग्रहातला होन्थोर्स्ट एकच, म्हणूनच दुवा जुळतो. मधल्या एखाद्या जाणत्या मालकाने ‘हा होन्थोर्स्ट वाटत नाही’ म्हणून नाव खोडून ‘अज्ञात इटालियन’ लिहिले असते, तर ते मत अधिक बरोबर ठरले असते आणि साखळी मात्र तिथेच तुटली असती.

या अंकात मला आग्रहाने मांडायचे आहे ते हेच. नोंद दुरुस्त करताना जुनी नोंद पुसू नका. आपल्या अनेक संग्रहालयांत सध्या जुनी ॲक्सेशन रजिस्टरे संगणकावर चढवण्याचे काम चालू आहे आणि त्या घाईत हे सर्रास घडते. चित्रकाराच्या नावाला एकच रकाना असतो. नवे मत आले की जुने नाव त्यावर लिहून सेव्ह केले जाते. शाईने खोडलेले नाव निदान उजेडात धरून वाचता येते. रकान्यातून गेलेले नाव कायमचे जाते. किमान तीन गोष्टी वेगळ्या राहायला हव्यात : वस्तू आली तेव्हा देणाऱ्याने काय सांगितले, नंतर कोणी, कधी आणि कशाच्या आधारे मत बदलले, आणि आज आपण काय मानतो. जे आज चुकीचे ठरले आहे तेही तारखेसह ठेवायचे.

संवर्धकांनाही हेच सांगणे आहे. कॅनव्हासला नवे अस्तर लावताना किंवा स्ट्रेचर बदलताना मागची लेबले, लिलावाचे खडूचे आकडे, फाटका कागद हे सगळे आधी फोटोत घ्या आणि मूळ तुकडे पाकिटात घालून त्याच क्रमांकाने जपा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली युरोपीय तैलचित्रे आहेत. गोव्यात चर्चमधली धार्मिक चित्रे आहेत. आपल्या लघुचित्रांच्या पाठीवरची मोडीतली टिपणे, आकडे, शिक्के हाही त्याच जातीचा पुरावा आहे. मजकूर लागत नाही म्हणून माउंट चिकटवून तो झाकून टाकलेला मी पाहिला आहे, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

नकलांच्या नोंदींकडेही इतकेच लक्ष हवे. चिरियाकोचा भाऊ आस्द्रुबाले याने 1626 मध्ये याच चित्राची नक्कल करवून घेतली आणि जोव्हान्नी दि आत्तिली या चित्रकाराला 12 स्कूदी दिले. ओडेसाच्या संग्रहालयातले एक चित्र, जे बराच काळ मूळ मानले जात होते, ते हीच नक्कल असावे असे आज अनेक अभ्यासकांना वाटते. ते 2008 मध्ये चोरीला गेले आणि 2010 मध्ये बर्लिनमध्ये सापडले. 125 आणि 12 हे दोन आकडे वेगवेगळ्या ओळींत टिकले म्हणूनच मूळ आणि नक्कल यांच्यावर आज साधार बोलता येते.

चित्र आजही जेझुइटांच्या मालकीचे आहे. डब्लिनच्या कलादालनाकडे ते बेमुदत उसने दिलेले आहे आणि त्याच्या श्रेयओळीत डॉ. ली-विल्सन यांच्या औदार्याचा नावानिशी उल्लेख आहे. आपल्याकडे ‘देणगी’ एवढ्या एका शब्दावर भागवले जाते. देणाऱ्याचे नाव, देण्याची तारीख आणि त्यांच्याकडे वस्तू कशी आली हे देणगीदार हयात असतानाच विचारून घ्यायला हवे. पुढच्या अंकापासून अशा विचारपूस-पत्रकाचा एक नमुना आम्ही छापणार आहोत. तुमच्या संग्रहात वापरात असलेला तक्ता असेल तर या महिनाअखेरपर्यंत पाठवा. त्यात ‘पूर्वीचे नाव’ हा रकाना आहे की नाही, ते आम्ही सर्वांत आधी पाहू.