विश्लेषण : खाडीत कयाक उतरवताना भरवसा कशावर ठेवायचा?

वसई खाडीच्या दोन्ही काठांवर पूल, धक्के आणि जलवाहतुकीच्या योजना आकार घेत आहेत. पाण्यापर्यंत रस्ता आला की पाठोपाठ पर्यटक येतात आणि पर्यटकांबरोबर भाड्याच्या कयाकही. कमी खर्चाचा, इंजिनाविना चालणारा हा खेळ खारबाव, पायेगावसारख्या गावांना रोजगार देऊ शकतो. मात्र लाइफ जॅकेट घातले म्हणजे सुरक्षेची जबाबदारी संपली, हा समज या खाडीत जीवघेणा ठरू शकतो.

खारबावचा विचार आता का?

वसई रोड–दिवा रेल्वेमार्गावरील खारबाव हे भिवंडी तालुक्यातील गाव ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्याच्या समोरच्या बाजूला आहे. मध्ये आहे उल्हास नदीची खाडी. हे अंतर मिटवण्यासाठी एमएमआरडीएने कासारवडवली–खारबाव, गायमुख–पायेगाव आणि कोलशेत–काल्हेर असे खाडीपूल हाती घेतले आहेत. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने कल्याण–ठाणे–मुंबई हा १४५ किलोमीटरचा पट्टा, वसई खाडी आणि उल्हास नदीसह, राष्ट्रीय जलमार्ग ५३ म्हणून घोषित झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई–भाईंदर रो-रो फेरीही सुरू झाली. म्हणजे उद्या याच पाण्यात रो-रो, बार्ज, मासेमारी होड्या आणि हौशी वल्हेकरी एकत्र असतील.

ही खाडी तलावासारखी का नाही?

तलावात दमलेला माणूस थांबू शकतो. खाडीत थांबला तर पाणी त्याला घेऊन जाते. कयाकचा सर्वसाधारण वेग ताशी पाच किलोमीटर धरला आणि समोरून ताशी चार किलोमीटरचा प्रवाह आला, तर तासभर वल्हे मारून माणूस एकच किलोमीटर पुढे सरकतो. दोन किलोमीटरवरचा धक्का समोर दिसत असतो, पण तो दोन तास लांब असतो.

दुसरा धोका वाऱ्याचा. पावसाळा सोडला तर सकाळी वारा सहसा मंद असतो आणि दुपारनंतर समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून, जोर धरतो. खाडीचे पाणी ओहोटीत त्याच समुद्राकडे जात असते. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटा आखूड, उभ्या होतात. सकाळी संथ वाटलेले पाणी दुपारी नवख्याला झेपत नाही, ते यामुळे.

तिसरा धोका चिखलाचा. ओहोटीत काठाची खाजणे उघडी पडतात. कयाक रुतली म्हणून खाली उतरलेला माणूस मांडीपर्यंत चिखलात अडकतो आणि त्याच जागी काही तासांनी भरती येते. त्यातच भिवंडीच्या खाडीकिनाऱ्यावर सक्शन पंपाने होणाऱ्या अवैध रेती उपशावर महसूल यंत्रणेला वारंवार कारवाई करावी लागते. अशा उपशाने तळ असमान होतो. गुडघाभर पाण्याच्या पुढच्याच पावलाला खड्डा असू शकतो.

भरती-ओहोटीचे गणित काय?

कोकण किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या आसपास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब उघड्या किनाऱ्याचा. खाडीत आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते, म्हणून खारबावजवळची वेळ मुंबईच्या तक्त्यावरून जशीच्या तशी घेता येत नाही. ती रोज जाळे टाकणाऱ्यालाच नेमकी ठाऊक असते.

पाणी सहा तासांत सारख्या गतीने उतरत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा साधारण बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या व चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग, असा ढोबळ नियम आहे. भरती-ओहोटीतला फरक चार मीटर असेल, तर मधल्या दोन तासांतच दोन मीटर पाणी निघून जाते. नवख्यांना पाण्यात उतरवायचे ते या दोन तासांत नव्हे आणि उधाणाच्या दिवसांत तर नव्हेच. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, खाडी त्यातल्या त्यात शांत असते. पावसाळ्यात ओहोटीला नदीच्या पुराचे बळ मिळते. तेव्हा हा खेळ बंदच ठेवणे शहाणपणाचे.

कयाक उलटली तर काय करायचे?

कयाक उलटणे हा अपघात नव्हे, तो या खेळाचा भाग आहे. उलटल्यावर पाच मिनिटांत परत चढता आले नाही, तर त्याचा अपघात होतो. म्हणून पहिला धडा वल्हे मारण्याचा नसून पडण्याचा हवा : घाबरून कयाक सोडायची नाही, वल्हे हातचे जाऊ द्यायचे नाही, काठ जवळ दिसला तरी पोहत निघायचे नाही.

सोबत्याने करायची सुटकाही शिकण्यासारखी आहे. तो आपली कयाक उलटलेल्या कयाकला काटकोनात आणतो, तिचे नाक स्वतःच्या कयाकवर आडवे ओढून पाणी काढतो, ती सुलट करून शेजारी समांतर घट्ट धरतो आणि पडलेल्याला वर चढू देतो. वर बसता येणाऱ्या उघड्या कयाकमध्ये पाणी साचत नसल्याने हे आणखी सोपे असते. पण सरावाशिवाय यातले काहीही जमत नाही. लाइफ जॅकेट माणसाला तरंगत ठेवते, परत कयाकवर बसवत नाही.

गटाचे महत्त्व किती?

या प्रश्नाचे उत्तर ब्रिटनने मोठी किंमत मोजून मिळवले. २२ मार्च १९९३ रोजी लाइम उपसागरात शाळेची आठ मुले, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाक घेऊन निघाले. शिक्षकाची कयाक वारंवार उलटू लागली. एक प्रशिक्षक त्याच्याजवळ अडकला आणि उरलेला गट वाऱ्याने खोल समुद्राकडे वाहत गेला. मदतीचा इशारा द्यायची साधने गटाकडे नव्हती आणि किनाऱ्यावरून तटरक्षकांना कळवायला उशीर झाला. चार मुलांचा मृत्यू झाला. त्यानंतर केंद्राच्या संचालकाला शिक्षा झाली आणि १९९५ मध्ये मुलांच्या साहसी उपक्रमांसाठी परवान्याचा स्वतंत्र कायदा आला.

एक माणूस अडचणीत आला की बाकीच्यांचे काय, हे गटाने आधीच ठरवलेले असावे लागते. म्हणून अनुभवी वल्हेकरी गटाचा वेग सर्वांत सावकाश माणसावर ठरवतात. एक जाणकार पुढे, एक शेवटी. शिट्टीच्या खुणा आधी ठरलेल्या. ओढून नेण्यासाठी दोर. किती जण गेले, कुठे गेले आणि किती वाजेपर्यंत परतले नाहीत तर फोन करायचा, हे काठावरच्या एकाकडे लिहून ठेवलेले. मागे फिरू या, असे कोणी म्हटले तर त्याची थट्टा न करणे हाही सुरक्षेचाच नियम आहे.

महाराष्ट्रातील अपघात काय सांगतात?

१३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूजवळ विद्यार्थ्यांची बोट उलटून तीन मुली दगावल्या. लाइफ जॅकेट घातलेली नव्हती. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात वादळी वाऱ्यात बोट बुडून सहा जणांचा जीव गेला. दोनच दिवसांनी अकोले तालुक्यात प्रवरा नदीत शोधकार्य करताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान मृत्युमुखी पडले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत नौदलाच्या वेगवान बोटीने ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला धडक दिली, त्यात १५ जणांचा मृत्यू झाला. कारणे वेगळी आहेत : साधनांचा अभाव, वारा, प्रवाह, दुसऱ्याची चूक. यातले एकही कारण वसई खाडीत अशक्य नाही. प्रवरेतील घटना तर सांगते, की प्रशिक्षित माणसेही प्रवाहापुढे हतबल होतात.

नियम काय आहेत, त्रुटी कुठे?

२४ ऑगस्ट २०२१ च्या शासन निर्णयानुसार राज्यात साहसी पर्यटन धोरण लागू आहे. जमीन, पाणी आणि हवेतील उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बंधनकारक आहे. त्याच वर्षी केंद्राने १९१७ चा जुना कायदा बदलून अंतर्देशीय जलयान कायदा आणला. यंत्र नसलेल्या नौकांच्या नोंदीचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची तरतूद त्यात आहे.

अडचण अशी, की नोंदणी व्यावसायिकाची होते. सुट्टीच्या दिवशी स्वतःची कयाक गाडीवर बांधून आलेले मित्र तिच्या कक्षेत येत नाहीत. शिवाय कागदोपत्री तपासणीत जॅकेटे मोजता येतात, गटनेत्याला त्या खाडीची ओहोटी कळते का, हे मोजले जात नाही.

स्थानिकांना काय करता येईल?

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला २०१७ पासून वल्ह्याच्या होडीतून कांदळवन सफर घडवतात. पाणी ओळखणारी माणसेच वाटाडे झाली, हे त्या उपक्रमाचे बळ. खारबाव परिसरातही खाडी जाणणारे कोळी-आगरी मासेमार आहेत. त्यांच्या अनुभवाला गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेसारख्या ठिकाणच्या प्रशिक्षणाची जोड देता येईल.

ग्रामपंचायतीला यासाठी मोठा निधी लागणार नाही. धक्क्यावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीचा फलक, कोण पाण्यात आहे याची वही, ‘बंद’ दिवस ठरवण्याचा अधिकार गावातल्या जाणकारांकडे आणि तटरक्षक दलाचा १५५४ व आपत्कालीन ११२ हे क्रमांक ठळक अक्षरांत. पाणी तोंडात जाण्याची शक्यता असलेल्या या खेळात उल्हासच्या प्रदूषणाची नियमित तपासणीही तितकीच आवश्यक आहे. पूल आणि धक्के बांधणाऱ्या यंत्रणांनी होड्या व कयाकसाठी उतरण्याची जागा आणि मोठ्या बोटींच्या वाटेपासून वेगळा पट्टा आताच आराखड्यात धरला, तर तो नंतर अपघात झाल्यावर शोधावा लागणार नाही.