वाचलेले पैसे कुठे गेले?

मंडळी, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेलेले असतील आणि टपालपेटीत बिलांपेक्षा सेलची रंगीत पत्रकंच जास्त येऊ लागली असतील. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीचा ‘ब्लॅक फ्रायडे’ आता नावापुरताच एका दिवसाचा. हॅलोविनचे भोपळे दारात असतानाच त्याची दवंडी सुरू होते. तेव्हा या खेपेला सदरासाठी विषय शोधत बसावं लागलं नाही. विषय खरेदीच्या मोहाचा.

आमच्या घरात या मोहाचं खातेवाटप झालेलं आहे. माझ्याकडे बूट. चालायचे, पळायचे, ऑफिसचे, बर्फातले असे सगळे घरात असूनही काचेआडचा एखादा तपकिरी जोड ‘या, बसा’ म्हणतोच. सौ.कडे गृहसजावट : दिवे, पडदे, गालिचे आणि सोफ्यावरच्या त्या उशा, ज्यांना टेकून कोणी बसायचं नसतं! तेरा वर्षांच्या लेकीकडे कपडे. मॉलच्या दारातून आम्ही एकत्र आत शिरतो आणि दुसऱ्या मिनिटाला तिघांची तोंडं तीन दिशांना असतात.

अमेरिकेत आला की माणूस हावरा होतो, असं म्हणतात. मला ते पटत नाही. सेलचा गळ हावरेपणासाठी टाकलेला नसतोच, तो काटकसरीसाठी असतो. आणि काटकसरीच्या बाबतीत आपण मराठी मध्यमवर्गीय म्हणजे तळ्यातले सगळ्यात मोठे मासे!

आठवून पाहा. दिवाळीला एकाच ताग्यातून आम्हा भावांचे शर्ट शिवले जायचे, तेही वाढत्या अंगाचे. जूनमध्ये शाळेचे बूट घ्यायचे ते एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून. बाटाच्या किमती कायम ९५ पैशांवर थांबायच्या आणि उरलेले पाच पैसे परत घेतल्याशिवाय आमचे वडील दुकानाची पायरी उतरत नसत. पूर्ण किंमत मोजणारा तो अडाणी आणि भाव पाडून आणणारा तो हुशार, हे बाळकडू आपण घेऊनच विमानात बसलो.

२००३ साली मी एम.एस. करायला इथे आलो तेव्हा डॉलर साधारण ४६ रुपयांना होता. प्रत्येक वस्तूला ४६ ने गुणायचं आणि हात मागे घ्यायचा, असं पहिलं वर्ष गेलं. तो गुणाकार म्हणजे चिलखत होतं हो! पुढे नोकरी लागली, गुणाकार सुटला आणि त्याच्या जागी वजाबाकी आली. मूळ किंमत वजा सेलची किंमत बरोबर आपली हुशारी. त्यात आम्ही न्यू जर्सीकर. इथे कपड्यांवर आणि बुटांवर सेल्स टॅक्स नाही, म्हणजे वजाबाकीवर आणखी वजाबाकी.

ही वजाबाकी माणसाला किती प्रिय असते, याचा एक भला मोठा प्रयोग याच देशात होऊन गेला. ॲपलची दुकानं नावारूपाला आणणारे रॉन जॉन्सन ‘जेसी पेनी’चे प्रमुख झाले आणि फेब्रुवारी २०१२ पासून त्यांनी तिथली कूपनं आणि नित्याचे सेल बंद केले. आधी किंमत फुगवायची आणि मग कापायची, यापेक्षा पहिल्यापासूनच कमी आणि सरळ किंमत लावू, असा विचार. इंजिनिअरच्या डोक्याला एकदम पटणारा! पण गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. त्या आर्थिक वर्षात विक्री जवळजवळ एक चतुर्थांशाने घसरली, एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन यांना जावं लागलं आणि कूपनं परत आली. वस्तू स्वस्त मिळाली तरी लोकांना पुरेना. त्यांना ‘वाचवल्याचं’ समाधान हवं होतं.

घरसजावटीच्या मोहाची जात मात्र थोडी वेगळी. तिथे एक वस्तू कधी एकटी येत नाही, वऱ्हाड घेऊन येते. नवा सोफा आला की जुना गालिचा केविलवाणा दिसतो, गालिचा बदलला की पडदे विटके वाटतात, पडद्यांमागोमाग दिवे. फ्रेंच लेखक दिदरो याने १७६९ मध्ये यावर चक्क निबंध लिहून ठेवला आहे. त्याला एक उंची, लालभडक झगा मिळाला आणि त्या झग्यापुढे खोलीतली खुर्ची, टेबल, भिंतीवरची चित्रं सगळंच गबाळं दिसू लागलं. एकेक करून बदलता बदलता बिचाऱ्याला जुन्या झग्याची आठवण येऊ लागली. पुढे १९८८ मध्ये ग्रँट मॅकक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञाने या प्रकाराला ‘दिदरो इफेक्ट’ असं नावच देऊन टाकलं. तेव्हापासून (म्हणजे मी हे वाचल्यापासून, १९८८ पासून नव्हे!) सौ.ने एखाद्या दिव्याकडे बोट दाखवलं की मी विचारतो, “वऱ्हाड किती?” तीही वस्ताद. माझ्या बुटांकडे बघून विचारते, “आणि यांच्यावर पट्टा कुठला घालणार?”

तर सांगत काय होतो, वाचवलेले पैसे. २०१९ सालची गोष्ट. १४० डॉलरचा जोड मला ५६ ला मिळाला. बूट उत्तम होते, अजून वापरात आहेत. पावतीच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलेलं होतं की आज तुम्ही ८४ डॉलर वाचवलेत. लेक तेव्हा सात वर्षांची. नुकतीच भराभर वाचायला लागली होती, त्यामुळे पावतीसुद्धा सोडत नसे. तिने विचारलं, “बाबा, मग ते एटी-फोर डॉलर कुठे आहेत?”

मी म्हटलं, “अगं, ते वाचले.”

“हो, पण कुठे ठेवलेत?”

सौ. म्हणाली, “बरोबर विचारतेय ती. दे उत्तर!” उत्तर देण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्या रात्री आम्ही बँकेत एक वेगळं खातं उघडलं आणि ८४ डॉलर त्यात टाकले. तेव्हापासून घरात नियम झाला : पावतीवर जेवढे ‘वाचले’ असं लिहिलेलं असेल, तेवढे त्याच संध्याकाळी त्या खात्यात जायलाच हवेत.

नियम दिसायला साधा, पण त्याने सेलचं सगळं यंत्रच उलटं फिरतं. ५६ चा जोड घेताना खिशातून आता १४० निघणार. म्हणजे दुकानात उभं राहून प्रश्न एकच उरतो : पूर्ण किमतीला हा घेतला असता का? घेतला असता, तर खुशाल घ्यावा, हौसेला मोल नसतं. नसता घेतला, तर खोका फळीवर परत. आमच्याकडे बरेच खोके परत जाऊ लागले. कधी कधी सौ. पूर्ण किमतीची एखादी वस्तू मनापासून आवडली म्हणून घेऊन येते. खात्यात काही टाकावं लागत नाही, आणि ती वस्तू घरात जास्त शोभतेही.

त्या खात्याला आम्ही नाव दिलं ‘तिकिटाचं खातं’. का, ते तुम्हांला सांगायला नको. आपल्यापैकी प्रत्येकाला अवेळी वाजणाऱ्या एका फोनची धास्ती असते. त्या दिवशीचं तिकीट त्याच दिवशी काढावं लागतं, आणि तिथे कूपन चालत नाही, सेलची वाट बघता येत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आमचा फोन वाजला. वडिलांना रात्री हॉस्पिटलात हलवलं होतं. तिकीट त्या खात्यातून निघालं. मला चार दिवस त्यांच्याशी बोलता आलं. त्यातला एक दिवस ते बाटाच्या पाच पैशांबद्दलच बोलत होते.

असो. खातं पुन्हा शून्यावरून सुरू केलं आहे. मोह काही गेलेला नाही. तो जाऊही नये, सणासुदीला माणसाने नटावं, घर सजवावं. तुम्ही फक्त यंदा एवढं करून बघा. पावती फेकण्याआधी तिच्या तळाची ओळ वाचा आणि ते पैसे कुठे ठेवलेत हे घरातल्या सगळ्यात लहान माणसाला सांगा. तुमच्याकडे याहून नामी युक्ती असेल, तर जरूर कळवा. पुढच्या अंकात तुमच्या नावानिशी छापू.