एक शिट्टी, चाळीस शरीरे

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी वा बोरिवलीच्या एखाद्या मोकळ्या मैदानावर पहाटे साडेपाचला गेलात, तर एक दृश्य आपल्याला हमखास दिसेल. अंधार पुरता सरलेला नसतो. तीस-चाळीस तरुण-तरुणी रांगेत उभे असतात, समोर गळ्यात शिट्टी अडकवलेले ‘सर’ असतात आणि शिट्टी वाजताच सारे एकदम धावू लागतात. कोणी पोलीस भरतीसाठी आलेला असतो, कोणी अग्निवीर होण्यासाठी. आपल्या देशात सक्तीची लष्करी सेवा नाही, हे खरे. पण सरणारे वय, घरचे भाडे आणि धाकट्या भावंडांची शिक्षणे यांची सक्ती काही कमी नसते.

त्या रांगेतील एक मुलगा गावी शाळेसाठी रोज चार किलोमीटर चालत आलेला असतो. दुसऱ्याने बारावीनंतरची दोन वर्षे खुर्चीत बसून काढलेली असतात. तिसरा रात्री एकपर्यंत दुचाकीवरून जेवणाचे डबे पोहोचवून तसाच मैदानावर आलेला असतो. या सर्वांना पहिल्याच दिवशी सांगितले जाते, ‘दहा फेऱ्या, कोणी थांबायचे नाही.’

गेल्या पावसाळ्याआधी घाटकोपरच्या एक माता आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. सराव सुरू होऊन चौथा आठवडा लागला होता आणि मुलीची उजवी नडगी दुखत होती. मुलीने दहा दिवस हे घरी कळू दिले नव्हते. मैदानावर सांगितले, तर ‘थोडे दुखणारच’ असे उत्तर मिळाले होते. एक्स-रे निर्दोष होता, एमआरआयमध्ये मात्र हाडाला सूक्ष्म तडा दिसला. मातेने विचारले, “डॉक्टर, माझी मुलगी नाजूक आहे का हो?”

मुलगी नाजूक नव्हती. तिचे हाड नेमके जसे वागायला हवे तसेच वागत होते. हाडावर नवा भार आला की शरीर आधी जुना भाग थोडा पोखरते आणि मग तेथे नवे, अधिक मजबूत हाड भरते. पोखरण्याचे काम झपाट्याने होते, भरण्याचे सावकाश. त्यामुळे सराव सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास हाड काही काळ पूर्वीपेक्षाही कमकुवत असते. गंमत अशी की, याच सुमारास दम वाढलेला असतो, उत्साह असतो आणि सर फेऱ्याही वाढवतात. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. हाडांना महिने लागतात.

हे दुखणे सैन्याइतकेच जुने आहे. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या वैद्याने 1855 मध्ये लांबच्या कवायतीनंतर शिपायांचे पाय सुजून दुखतात, याचे वर्णन करून ठेवले. तेव्हा एक्स-रेचा शोधही लागलेला नव्हता. पुढे कळले की ती पावलाच्या हाडांतील तड्यांची सूज होती. ज्या देशांत प्रत्येक तरुणाला सैन्यात जावे लागते, तेथे हा प्रश्न अधिकच टोचतो, कारण तेथे निवडून घेतलेले खेळाडू येत नाहीत. सगळ्या प्रकारची शरीरे येतात. फिनलंडमध्ये नव्या शिपायाची बारा मिनिटांच्या धावण्याची चाचणी घेतात. बारा मिनिटांत कोण किती अंतर कापतो एवढेच पाहायचे. ही चाचणी अमेरिकी हवाई दलातील डॉ. केनेथ कूपर यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केली. तिला ना यंत्र लागते ना खर्च.

अमेरिकी सैन्याने रिक्रूटांना धावण्याच्या क्षमतेनुसार गटांत विभागण्याची पद्धत रूढ केली. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात नव्या रिक्रूटांचे धावण्याचे अंतर कमी करून त्याऐवजी पाठीवर वजन घेऊन चालणे वाढवले, तेव्हा दुखापती घटल्या आणि त्यांची तीव्रताही उतरली. यातली मला सर्वांत आवडलेली युक्ती अगदी साधी आहे. अंतर समान ठेवायचे नाही, वेळ समान ठेवायची. ‘दहा फेऱ्या’ म्हणण्याऐवजी ‘वीस मिनिटे’ म्हणायचे. वेगवान मुलगा तेवढ्या वेळात दहा फेऱ्या मारील, नवखी मुलगी चालत-धावत पाच मारील, आणि शिट्टी वाजल्यावर सारे एकाच वेळी थांबतील. कोणी मागे राहिले म्हणून सगळ्यांच्या नजरा झेलत एकट्याने शेवटच्या तीन फेऱ्या ओढत नेणार नाही. एरवी होते असे की, ज्याला सर्वांत कमी झेपते, तोच सर्वांत जास्त वेळ पायांवर राहतो.

यावर सरांचा आक्षेप ठरलेला असतो: “परीक्षा काही गट पाहून घेत नाहीत.” बरोबर आहे. अग्निवीराच्या मैदानी चाचणीत 1600 मीटरला पूर्ण गुण हवे असतील, तर साडेपाच मिनिटांच्या आत पोहोचावे लागते. म्हणजे चारशे मीटरची प्रत्येक फेरी साधारण 82 सेकंदांत. हे मोजमाप कोणासाठी सैल करावे, असे मी म्हणत नाही. प्रश्न तेथवर जाण्याच्या वाटेचा आहे. आज आठ मिनिटे घेणाऱ्या मुलाला सहा मिनिटांच्या गटामागे रोज फरफटत नेल्याने तो सहावर येत नाही. बहुधा तो माझ्याकडे येतो. त्याला आठवड्यातून तीनच दिवस धावणे, मधल्या दिवसांत भरभर चालणे व पायांचे व्यायाम, आणि दर तीन आठवड्यांनी एक हलका आठवडा हवा असतो. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातही निवड झालेल्या जवानाला घडवायला महिने दिले जातात. मग निवडीच्या आधीची तयारी सहा आठवड्यांत उरकण्याची घाई आपण का करतो?

मुंबईत आणखी एक शत्रू आहे, दमट हवा. घाम येतो, पण तो वाळत नाही, आणि न वाळणारा घाम शरीर थंड करीत नाही. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवारांचा मृत्यू झाला, हे आपल्याला आठवत असेल. त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. आज पुरुषांना 1600 आणि महिलांना 800 मीटर धावावे लागते. उकाड्याशी जुळवून घ्यायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. धावणारा मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, उगाच चिडू लागला, तर घाम येत असला तरी तो उष्माघातच समजावा. सावलीत न्यावे, अंगावर भरपूर थंड पाणी ओतत राहावे आणि त्याच वेळी 108 ला फोन लावावा. रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये.

मूळ गाव विदर्भात, नंदुरबारकडे किंवा पालघरच्या आदिवासी भागात असेल, तर सिकलसेलची तपासणी जरूर करून घ्यावी. या आजाराचा केवळ वाहक असलेला तरुणही अतिश्रमाने संकटात येऊ शकतो, हे अमेरिकी सैन्यातील नोंदींवरून 1987 मध्ये पुढे आले. पण 2016 मध्ये तेथीलच सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या अभ्यासात वाहकांचे मृत्यू इतरांहून अधिक आढळले नाहीत. स्नायूंना इजा होण्याचा धोका तेवढा जास्त दिसला. दरम्यान त्या सैन्यात पाणी, विश्रांती आणि हळूहळू भार वाढवणे यांचे नियम सर्वांनाच लागू झाले होते. तेव्हा वाहक असल्याचे कळले म्हणून मुलाचे स्वप्न मोडू नका. सरांना आणि डॉक्टरांना सांगा.

घरच्यांनी काय पाहावे? सकाळी पलंगावरून उतरताना मुलगा लंगडतो का, हे पाहा. नडगीवर दुखणारी जागा एका बोटाने दाखवता येत असेल, किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवा. सुरुवातीच्या एक्स-रेत काही दिसले नाही, एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. मुलीची पाळी लांबली वा बंद झाली, तर ‘व्यायामाने होते असे’ म्हणून सोडून देऊ नका. पोटात पुरेसे अन्न जात नाही याची ती खूण असू शकते, आणि त्याची किंमत हाडे मोजतात. नुसत्या चहावर मैदानात पाठवू नका. एक केळे पुरते. परतल्यावर मात्र भाकरी, उसळ, अंडे किंवा दही असे भरपेट द्या. दुकानात मिळणारी ताकदीची पावडर आणि कोणा मित्राने सुचवलेले इंजेक्शन, दोन्हींना घरात थारा नको.

त्या मुलीला आठ आठवडे धावणे बंद ठेवायला सांगितले. तिची आई एका सकाळी स्वतः मैदानावर गेली आणि सरांशी बोलली. काय बोलणे झाले, ते मला ठाऊक नाही. पण आता तेथे तीन गट झाले आहेत आणि फेऱ्यांऐवजी घड्याळ लावले जाते. मुलगी सोमवारपासून पुन्हा जाऊ लागली आहे. तूर्त ती तिसऱ्या गटात, दोन मिनिटे चालते आणि एक मिनिट धावते.