फुटलेला नळ आणि घरचे आरोग्य

धाम नदीकाठच्या पवनारसारख्या गावातील जुन्या घरांत नळाचे लोखंडी पाइप काळ्या मातीत पुरलेले आढळतात. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. त्या ओढाताणीत गंजलेले सांधे निखळतात. वाया जाणारे पाणी डोळ्यांना दिसते, खरा धोका मात्र दिसत नाही. पुरवठा थांबला की पाइपातील दाब ओसरतो आणि शेजारच्या नालीतील घाण त्याच फटीतून आत शिरते. विषमज्वर, अतिसार व कावीळ यांना ही वाट पुरेशी होते. ‘ई’ प्रकारची कावीळ तर गर्भवतीच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून पाइप फुटताच प्रथम मुख्य कॉक बंद करावा. विजेच्या बोर्डाची भिंत भिजली असल्यास त्यास हात न लावता वीज कर्मचाऱ्यास बोलवावे. नळाला मोटार जोडून पाणी ओढू नये. त्या ओढीने घाणही येते. फटीवर घट्ट बांधलेली रबरी पट्टी हा केवळ तात्पुरता उपाय होय. दुरुस्तीनंतर सुरुवातीचे पाणी वाहून जाऊ द्यावे, टाकी घासून धुवावी आणि पिण्याचे पाणी गाळून, खळखळून उकळी फुटल्यावर किमान १ मिनिट उकळावे व झाकून ठेवावे.

आपल्या घरचा मुख्य कॉक कोठे आहे, हे घरातील प्रत्येकास ठाऊक आहे काय? आजच तो एकदा फिरवून पाहा. गंजलेला कॉक ऐनवेळी हलत नाही.