आधी गोळ्यांचा कागद, मग थर्मास



घरातलं माणूस अ‍ॅडमिट होणार म्हटलं की आपण बॅगेत टॉवेल, थर्मास, माळ, घरचं तूप भरतो. पार्किन्सन्सचा पेशंट असेल तर आधी गोळ्या आणि त्यांच्या वेळांचा कागद भरा. थर्मास मागूनही आणता येतो.

लेव्होडोपाचा अंमल काही तासच टिकतो. माझ्या सासूबाईंच्या वेळा सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10. वॉर्डात मात्र सिस्टर ट्रॉली आणणार त्यांच्या वेळेला. सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर दहाची गोळी साडेअकराला आली. तोवर पाय लाकडासारखे झालेले, घास गिळवेना. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, "आजी सहकार्य करत नाहीत." अहो, गोळीच पोटात नव्हती! ब्रिटनमध्ये ठरल्या वेळेपासून 30 मिनिटांच्या आत ही गोळी मिळावी असा निकष आहे. आपल्याकडे ते मागून घ्यावं लागतं, आणि तिथे सुनेनं भिडेखातर गप्प बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याजवळच्या गोळ्या द्यायच्या असतील तर डॉक्टरांशी बोलून, सिस्टरना सांगूनच द्या, नाहीतर डोस दोनदा जायचा.

कागदावर "दिवसातून पाच वेळा" एवढंच लिहून भागत नाही. गोळीचं पूर्ण नाव, ताकद आणि घड्याळातली वेळ हवी. खाली लाल शाईनं मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन आणि हॅलोपेरिडॉल ही नावं लिहा. उलटी थांबवायला किंवा रात्री पेशंट बरळू लागला तर ही औषधं दिली जातात, पण ती डोपामिनचंच काम अडवतात. न्यूरॉलॉजिस्टकडून त्या कागदावर सही घेतली की वॉर्डात आपल्या शब्दाला वजन येतं.

ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात तेव्हा गोळीचं काय, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा. बहुतेक वेळा घोटभर पाण्याबरोबर घेता येते. ती अचानक बंद झाली तर अंग ताठतं, ताप चढतो, जिवावरही बेतू शकतं.

आता आपल्या घरातला नाजूक विषय. चौविहार असेल तर रात्री दहाची गोळी कशी घ्यायची? "जन्मभर पाळलं, आता कशाला मोडता?" असं म्हणणाऱ्या भेटायला येतातच. मला हे बोलणं पटत नाही. दुविहाराच्या पचक्खाणात रात्री पाणी आणि औषध चालतं. अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच महासतीजींकडे जाऊन पचक्खाण बदलून घ्यावं, म्हणजे पेशंटच्या मनाला टोचणी राहत नाही. सासूबाईंनी तसंच केलं आणि रात्रीची गोळी नवकार म्हणून घेतली.

डब्याचंही तसंच. कांदा-बटाटा नको हे आपण सांगतोच, पण डाळ, पनीर, दूध गोळीबरोबर आलं तर गोळी नीट लागू पडत नाही. जेवणाआधी निदान अर्धा तास गोळी घ्यावी. भेटायला येणारीनं प्रेमानं दुधाचा पेला पुढे केला तरी आधी घड्याळ बघा.

कागदाच्या चार झेरॉक्स काढा. एक फाइलला, एक उशापाशी, एक सिस्टरच्या टेबलावर आणि एक रात्री थांबणाऱ्याच्या खिशात.